माझा नवरा फ्रान्सला जाणार म्हणे

वत्सलानं ते वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा ती मागच्या गॅलरीत गवार मोडत उभी होती, आणि त्या वाक्यात काही दारूगोळा भरलेला असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"मों मारी ईरा आं फ्राँस," ती म्हणाली. मग डोळे मिटून, एकेक शब्द चाचपत, "एल आ दी क सों मारी ईरे आं फ्राँस."

सत्त्याऐंशी सालचा नोव्हेंबर. लग्न होऊन बोईसरला आल्याला वत्सलाला दोन वर्षं होत आली होती. पुण्याला मावशीकडे राहून तिनं कॉलेज केलं, तिथं हौसेनं फ्रेंच घेतलं, आणि नवरा कामावर गेल्यावर दुपार खायला उठते म्हणून आता मुंबईच्या एका संस्थेचा पुढचा अभ्यासक्रम पोस्टानं करत होती. धडे टपालानं येत. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती, भीती होती तोंडी परीक्षेची. फ्रेंच बोलायचं कुणाशी? बोईसरच्या बाजारात हिंदी चाले, गुजराती चाले, वारली चाले. फ्रेंच तेवढं कुणी मागत नव्हतं. म्हणून ती गवारीशी बोले.

या वेळच्या पाकिटात दोन अवघड धडे होते. एक, दुसऱ्याकडून काम कसं करून घ्यावं याचा. दुसरा, दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला कसं सांगावं याचा. हा दुसरा तिला फारच छळत होता. फ्रेंच माणूस कुणाचं बोलणं पुढं सांगायला लागला की आधी ते धुऊनपुसून घेतो. ती म्हणाली असेल 'माझा नवरा', तर सांगताना 'तिचा नवरा' करायचं. ती म्हणाली असेल 'जाईल', तर त्या 'जाईल'ला एक पायरी मागं सारायचं. आपल्याकडे असलं काही नाही. ज्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत उचलायचं, पुढच्याच्या पदरात टाकायचं आणि 'म्हणे' म्हणून मोकळं व्हायचं. वत्सला उदाहरणातलं वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होती, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून रत्नाबाई डोकावल्या.

"काय पुटपुटून राह्यली वं मघापासून? मारी मारी? बिस्कुटं आणली का?"

रत्नाबाई अकोल्याकडच्या. त्यांचे यजमान पंढरी तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते.

"बिस्किट नाही हो. मारी म्हणजे नवरा," वत्सला हसून म्हणाली. "धड्यातलं वाक्य आहे. माझा नवरा फ्रान्सला जाणार आहे."

त्यातलं 'धड्यातलं वाक्य आहे' एवढं नेमकं वत्सलाच्या कुकरच्या शिट्टीखाली गेलं. उरलेलं स्वच्छ ऐकू आलं. आणि वत्सला गॅस बंद करायला आत पळाली.

पुढं जे झालं ते वत्सलाला मागाहून तुकड्यातुकड्यानं कळलं, पण आपण आताच सांगून टाकू.

रत्नाबाईंना आधी राग आला. एवढी मोठी बातमी, आणि पेढा नाही, काही नाही, गवार मोडता मोडता सांगायची? त्या धुसफुसत असतानाच तानी दारात आली. तानी दांडीची. रोज मासळीची पाटी घेऊन एसटीनं बोईसरला यायची आणि या चार इमारतींत पाटी रिकामी करून जायची. ती खाली मान घालून बोंबील साफ करायला बसली, आणि रत्नाबाई वत्सलाच्या दाराकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "माहा नवरा फ्रान्सले चालला म्हणे!"

हनुवटी वर उडाली तेव्हा तानीची नजर बोंबलावर होती. तिनं ऐकलं ते एवढंच, की रत्नाबाई म्हणतात, माझा नवरा फ्रान्सला चालला.

समोरच्या इमारतीत सोजराबाई राहायच्या, परभणीकडच्या. त्यांचे रामकिसन आणि वत्सलाचा कृष्णकांत एकाच कारखान्यात. कापड रंगवायचा कारखाना होता तो. रामकिसन वायरमन, कृष्णकांत फिटर. तानीनं पाटी उतरवता उतरवता सोजराबाईंना सांगितलं, "वयनी, आयकलाव का? रत्नावयनी बोलली, माझा नवरा फ्रान्सला चाललाय."

संध्याकाळी रामकिसन रेडिओला कान लावून बातम्या ऐकत होते. सोजराबाई स्वयंपाकघरातून ठसक्यात म्हणाल्या, "ऐकायलात का? ती रत्नाबाई म्हणायली, माझा नवरा फ्रान्सला चाललाय!"

बातम्यांमुळे रामकिसनना रत्नाबाई ऐकू आल्या नाहीत. ऐकू आली ती स्वतःची बायको, आणि ती म्हणत होती, माझा नवरा फ्रान्सला चाललाय. त्यांनी रेडिओ बंद केला.

"तुला कुणी सांगितलं?"

"तानीनं. साऱ्या बोईसरला माहीत झालंय."

रामकिसन मनात हिशेब करू लागले. कारखान्याच्या आवारात फ्रान्सहून आलेल्या नव्या यंत्राची लाकडी खोकी येऊन पडली होती. ते बसवायला तिकडचा माणूस येणार होता. म्हणजे ते चालवायला शिकण्यासाठी इकडचा माणूस तिकडं जाणार, हे उघडच होतं. आणि वायरिंग ज्याला कळतं तोच जाणार, हे त्याहून उघड होतं.

"मला वाटलंच होतं," ते नम्रपणे म्हणाले.

"अगं बाई!" सोजराबाईंच्या हातातून लाटणं निसटलं. "म्हंजे तुमी बी चाललात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सोजराबाईंनी रत्नाबाईंचं अभिनंदन केलं आणि स्वतःचं करून घेतलं. रत्नाबाई तशाच घरी गेल्या आणि पंढरींना म्हणाल्या, "तुमी मले सांगतलं नाही?" पंढरी परोपरीनं नाही म्हणाले. पण सरकारी काम गुप्त असतं, आणि नवरा जितका नाही म्हणतो तितकं ते गुप्त, अशी रत्नाबाईंची खात्री झाली. दोन दिवसांनी पंढरींनाही वाटायला लागलं की आपल्याला अजून कळवलं नसेल.

आणि तानी? तिनं घरी दांडीला सासूला ही गंमत सांगितली. सासू कानानं जरा कमी. तिनं "माझा नवरा फ्रान्सला" एवढं पकडलं आणि तडक किनारा गाठला. तानीचा नवरा मंगळ्या तिथं होडीला डांबर लावत होता. तानी आधी खूप हसली. मग तिच्या मनात आलं, सगळ्यांचे चाललेत, तर आपल्यानंच काय वाईट केलंय? तिनं सासूला काही खोडून सांगितलं नाही.

या सगळ्यात वत्सलाला काय कळलं? तर तानीकडून एवढंच कळलं, की रत्नाबाईंचा नवरा फ्रान्सला चाललाय आणि सोजराबाईंचाही.

ती आधी थक्क झाली. मग संतापली. फ्रेंच कोण शिकतंय? रात्रंदिवस क्रियापदं कोण चावतंय? आणि फ्रान्सला कोण चाललंय, तर ज्यांना फ्रान्स नकाशात दाखव म्हटलं तर दमणवर बोट ठेवतील ते! कृष्णकांत घरी आला तेव्हा तिनं चहासुद्धा दिला नाही.

"अहो, सगळ्यांचे नवरे फ्रान्सला चाललेत."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे! माझा तेवढा इथं बसून चहा पिणार!"

कृष्णकांतनं आजूबाजूला बघितलं. चहा कुठंच नव्हता. तो मूळचा गरीब स्वभावाचा, आवाज चढवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "मला कुणी काही बोललं नाही गं," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत? नाही. तयारी दाखवलीत? नाही. साहेबाला दिसायला नको का, की हा माणूस जायला तयार आहे?"

आणि पाकिटातला पहिला धडा, दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा, वत्सलानं त्या आठवड्यात नवऱ्यावर गिरवला. फ्रेंचमध्ये त्यासाठी एकच क्रियापद सगळीकडे हिंडतं, 'फेर'. स्वतः करायचं नाही, करायला लावायचं. तिनं कृष्णकांतला पालघरला पाठवून पासपोर्टचे फोटो काढून घेतले. केस कापून घेतले. स्टेशनजवळच्या टेलरकडे नेऊन सुटाचं माप द्यायला लावलं.

टेलर माप घेता घेता थबकला. "बहनजी, ये तीसरा सूट है इसी हफ्ते. किसकी शादी है?"

वत्सलानं ओठ आवळले. म्हणजे ते दोघं आधीच येऊन गेले होते. "कपडा कोणता घेतला त्यांनी?"

"एक ही थान बचा है. वही दिया."

मग कृष्णकांतलाही तेच दिलं. गडद लाल, त्यावर उभ्या पांढऱ्या रेघा.

डिसेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सचा माणूस आला. नाव बेर्त्रां. धिप्पाड, उन्हानं लालबुंद झालेला, हातापायांवर डासांनी केलेली नक्षी. त्याला इंग्रजी येई ते नट, बोल्ट, यस आणि नो एवढंच. कृष्णकांतची बायको फ्रेंच शिकते हे कारखान्यात कळल्यावर साहेबानंच सुचवलं, रविवारी त्याला घरी जेवायला न्या, बिचारा कुणाशी तरी बोलेल. वत्सलानं ते ऐकलं आणि ती पलंगावर बसून उगीचच हसत सुटली. जन्मात पहिल्यांदा खरा, जिवंत, ऐकणारा फ्रेंच माणूस!

रविवारी बेर्त्रां जीपमधून उतरला तेव्हा सगळी इमारत जिन्यात होती. तानी पहाटेपासून येऊन पापलेटाचं कालवण करत बसली होती. आणि बेर्त्रां घरात येऊन बसतो न बसतो तोच दारातून एकामागून एक आत आले पंढरी आणि रामकिसन, बायकांसह. दोघांच्या अंगावर तोच लाल रेघारेघांचा सूट. आतून कृष्णकांत आला, तोही त्याच सुटात. तिघं भिंतीशी ओळीनं उभे राहिले, घाम पुसत.

बेर्त्रांनं हळूच वत्सलाला विचारलं, हे वादक आहेत का?

वत्सलाचे कान तापले. तिला काहीतरी झकास बोलायचं होतं, आणि धडा ओठांवर होता. तिनं कृष्णकांतकडे हात केला आणि म्हणाली, मी माझ्या नवऱ्याला सूट शिवून घेतला. तिला वाटलं, ती असंच म्हणाली. पण फ्रेंचमध्ये ते वाक्य दुधारी आहे. नवऱ्यासाठी शिवून घेतला, आणि नवऱ्याकडून शिवून घेतला, दोन्ही त्यात एकाच वेळी बसतं.

बेर्त्रां उठला. त्यानं कृष्णकांतची कॉलर हातात घेतली, शिलाई निरखली, अस्तर उलटून बघितलं आणि त्याचे दोन्ही खांदे धरून ओरडला, "ब्राव्हो!" फिटर माणूस, यंत्र जोडतो आणि वर सूटही शिवतो! आणि मग त्यानं आळीपाळीनं उरलेल्या दोन सुटांकडे बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. हे पण यानंच? मग मलाही एक!

"काय म्हणतो?" कृष्णकांतनं घाबरून विचारलं.

"तुम्ही त्याला एक शिवून द्याल का, असं विचारतो," वत्सला म्हणाली आणि तिला हसू आवरेना. तिनं हातांनीच कात्री, टेलर, स्टेशन सगळं करून दाखवलं. धड्यात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं तिला आता आठवलं, की करणाऱ्याच्या नावाआधी 'पार' लावावं, म्हणजे घोटाळा होत नाही. 'पार' लावल्यावर बेर्त्रांला टेलर कळला. तो मोठ्यानं हसला, आणि वत्सला जिंकल्यासारखी ताठ बसली. चूक झाली काय आणि सुधारली काय, तो ऐकत होता, ती बोलत होती!

तेवढ्यात रामकिसन खाकरले. "वहिनी, त्यांना तेवढं विचारा. निघायचं कधी?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? फ्रान्सला."

वत्सलानं विचारलं. बेर्त्रांनं भुवया उंचावल्या. कोण निघतंय? त्याला तर काहीच माहीत नव्हतं. यंत्र बसवून दोन महिन्यांनी तो स्वतः तेवढा परत जाणार होता.

"मग तुम्हाला सांगितलं कुणी?" वत्सलानं रामकिसनना विचारलं.

"आमच्या हिनं."

"मी? मी तर रत्नाबाईंचं सांगत होते!" सोजराबाई म्हणाल्या. "मला तानी बोलली."

तानी कालवणाची पळी घेऊन दारात आली. "मना रत्नावयनी बोलली. सोताच्या तोंडानं. माझा नवरा फ्रान्सला चाललाय."

"माहा नाही वं बापा!" रत्नाबाई ओरडल्या. "मी वत्सलाचं सांगितलं! वत्सला म्हणे, माझा नवरा!"

सगळी डोकी वत्सलाकडे वळली.

"मी?" वत्सला म्हणाली. "मी कधी..."

आणि मग तिला गवार दिसली, गॅलरी दिसली, कुकरची शिट्टी ऐकू आली. तिच्या आतून काहीतरी वर उकळत आलं. लाज वाटायला हवी होती, कळत होतं, पण ते हसू होतं.

बेर्त्रां तिच्याकडे बघत होता. काय झालं, सगळे काय म्हणतायत?

वत्सला उभी राहिली. तिनं श्वास घेतला. यांना वाटतं आपण फ्रान्सला जाणार, तिनं फ्रेंचमध्ये सुरुवात केली, कारण सोजराबाई म्हणाल्या, "...क तानी आवे दी, क रत्नाबाई आवे दी, क जावे दी, क मों मारी ईरे आं फ्राँस!" तानी म्हणाली होती, की रत्नाबाई म्हणाल्या होत्या, की मी म्हणाले होते, की माझा नवरा फ्रान्सला जाईल. एकेक क्रियापद आपापल्या पायरीवर मागं सरलेलं, एकही अडखळलं नाही. आणि शेवटी 'सों' नाही, 'मों', कारण नवरा तिचाच होता.

बेर्त्रांनं आधी टाळ्या वाजवल्या. मग अर्थ त्याच्या डोक्यात उतरला. त्यानं तीन सुटांकडे बघितलं, आणि तो हसत हसत खुर्चीवरून जवळजवळ खाली आला.

"अहो, सांगा की आमाला!" सोजराबाई म्हणाल्या.

वत्सलानं सांगितलं. धड्यातलं वाक्य होतं. कुणीच कुठं जात नाही. मुळात कुणी जाणारच नव्हतं.

सगळ्यांत आधी पंढरींनी टायची गाठ सैल केली. "सुटलो," ते म्हणाले. "तिथं बर्फ पडते म्हणे. मी रात्री झोपून नाही राह्यलो." रत्नाबाईंच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं, आणि ते फुटल्यावर कुणाचंच थांबेना. रामकिसन तेवढे थोडा वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले. त्यांनी परभणीला भावाला कळवून टाकलं होतं. वत्सलानं त्यांच्या हातात ताट दिलं आणि हळू म्हणाली, "रामकिसनभाऊ, माझ्यामुळं झालं. माफ करा." ते म्हणाले, "वहिनी, चार आठवडे झाले, कारखान्यात सगळे मला साहेब म्हणायलेत. त्याचं काय वाईट झालं?" आणि तेही हसले.

हसत नव्हती ती एकटी तानी. तिच्या हातातली पळी तशीच होती.

"माझा बी नाय जायचा?"

"तुझा पण?" वत्सला किंचाळली. "मंगळ्या?"

"अगो बाय," तानी म्हणाली, "तो तर होडीत बसलाय. बरफ भरून. तुमचा साहेब आज येवाचा होता ना? मी त्याला बोलली, साहेब वाट दाखवील, मंग नीघ."

त्यानंतर जेवण कसं उरकलं ते कुणालाच आठवत नाही. बेर्त्रांची जीप होती. तिच्यात तीन सूट, तीन साड्या, तानी, कालवणाचं पातेलं आणि एक फ्रेंच माणूस कसे मावले हे ड्रायव्हरनं पुढं महिनाभर सगळ्यांना सांगितलं. दांडीच्या रस्त्यानं जीप उडत होती आणि वत्सला मधल्या मध्ये चेपून बेर्त्रांच्या कानात ओरडत होती. तानीनं तिच्या नवऱ्याला होडीत बर्फ भरायला लावलं, ती म्हणाली. 'फेर' बरोब्बर जागी पडलं. तिनं स्वतःशीच मांडीवर थाप मारली.

मंगळ्या खरंच होडीत बसला होता. खणात बर्फ, पिंपात गोडं पाणी, तांदळाची गोण, सुक्या बोंबलांच्या माळा. किनाऱ्यावर निम्मी वाडी जमलेली. सासू नारळ घेऊन उभी.

"फ्रान्सला नाय जायाचा," तानी पाण्यात शिरत ओरडली. "खोटा हाय समदा!"

मंगळ्यानं जीपमधून उतरणाऱ्या लाल रेघारेघांच्या तिघांकडे बघितलं, मग बेर्त्रांकडे.

"नाय जायाचा तर नाय," तो म्हणाला. "पन हाय कुटं तो, ता तरी सांग त्याला."

वत्सलानं विचारलं. बेर्त्रांनं जरा विचार करून समुद्राकडे, जरा उजवीकडे हात केला. मंगळ्यानं मान हलवली. "लांब हाय. मंग अर्ध्या वाटंला तरी जाव. बरफ फुकट जाल नायतर. बसा."

तानीच्या सासूनं नारळ फोडला आणि सगळे बसले. पंढरींना पोहता येत नव्हतं, ते डोलकाठीला मिठी मारून बसले. दांडीचा किनारा मागं सरू लागला, माडांची रांग बारीक झाली. पहिली मोठी लाट होडीखालून गेली तशी रत्नाबाई आणि सोजराबाई एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळल्या आणि मग पुढच्या प्रत्येक लाटेला हौसेनं किंचाळू लागल्या. बेर्त्रां कुठलंसं बोटीवरचं गाणं मोठ्यानं म्हणत होता. पाण्याचे तुषार उडून सुटांचा लाल रंग पांढऱ्या रेघांत उतरत होता.

कृष्णकांत वत्सलाशेजारी सरकला.

"तू मला विचारलंच नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"मला जायचंय का, ते."

फोटो काढवले, केस कापवले, सूट शिवून घेतला, आणि हा एवढा प्रश्न राहिलाच होता. "जायचं होतं तुम्हाला?"

"तू येणार असशील तर," तो म्हणाला. "नाहीतर तिथले लोक काय म्हणतात ते मला कोण सांगणार?"

वत्सलाला पुन्हा ते उकळतं हसू आलं, पण या वेळी त्यात डोळेही भरले. तिनं त्याचा ओला, गुलाबी झालेला हात धरला.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा मंगळ्यानं होडी वळवली आणि जाळं टाकलं. बर्फ भरलाच आहे तर रिकामा कशाला न्यायचा? थोड्या वेळानं त्यानं तिघा सुटवाल्यांना आणि बेर्त्रांला दोरीला उभं केलं. "वडा!" तो ओरडला, आणि चौघं धडपडत, एकमेकांवर पडत ओढू लागले, पंढरी एक हात डोलकाठीला ठेवूनच. वत्सलानं बेर्त्रांसाठी त्याचं फ्रेंच केलं, पण त्याला ते आधीच कळलं होतं. जाळं काठावर आलं, आत चंदेरी मांदेली तडतडत होती, आणि पंढरी डोलकाठी सोडून, दोन्ही हात वर करून नाचायला लागले.